‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या काळात माझ्याकडे अशी कितीतरी माणसं आली, ज्यांच्या मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. त्यांना फोनवरून कुणीतरी ‘बिघडलं आहे’ असं पटवून दिलं होतं, आणि ते दुरुस्त करायच्या नावाखाली लुबाडलं होतं. त्यांनी मला विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फोन आत्ता चालू असेल आणि तुम्ही घाईत असाल, तर आधी फोन ठेवा, मग पुढचं वाचा.

हा प्रकार नेमका काय आहे?

फोन येतो. बोलणारा स्वतःला एखाद्या मोठ्या कंपनीच्या तांत्रिक विभागातला माणूस म्हणवतो. कधी मायक्रोसॉफ्टचा, कधी अँटिव्हायरसवाल्यांचा, कधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा. ‘तुमच्या कॉम्प्युटरवरून आम्हाला धोक्याचे संदेश येत आहेत’ असं तो सांगतो. मग तुम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवतो, काहीतरी भीतीदायक दाखवतो, एक ॲप उतरवून घ्यायला लावतो आणि त्या ॲपमधून तुमच्या मशीनचा ताबा घेतो. पुढे दुरुस्तीचे पैसे मागतो, किंवा न मागताच बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो.

ही युक्ती नवीन नाही. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताचं रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा सहा टोळ्यांवर एकाच वेळी कारवाई जाहीर केली होती, आणि तेव्हाही हे फोन अनेक देशांत जात होते. इतक्या वर्षांत ॲप बदलली, कंपन्यांची नावं बदलली, पैसे काढून घ्यायच्या वाटा बदलल्या. पहिलं वाक्य मात्र जवळजवळ तेच राहिलं आहे.

फोन खोटा आहे हे लगेच कसं ओळखायचं?

एकच प्रश्न स्वतःला विचारा: हा फोन कोणी लावला? तुम्ही लावला नसेल, आणि समोरचा तुमच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाबद्दल बोलत असेल, तर तो खोटा आहे. बाकीची लक्षणं यानंतर पाहिली तरी चालतील.

असं ठामपणे म्हणायला कारण आहे. जगभरात कोट्यवधी कॉम्प्युटरवर विंडोज चालतं. त्यातल्या एका मशीनमध्ये व्हायरस शिरला हे ओळखून, तो कॉम्प्युटर कोणाचा हे शोधून, त्या माणसाला फोन करणारा विभाग कोणत्याच कंपनीत नसतो. मायक्रोसॉफ्टने स्वतः अनेकदा जाहीर केलं आहे की, ग्राहकाने आधी मदत मागितलेली नसताना कंपनी दुरुस्तीसाठी फोन करत नाही. खऱ्या मदत केंद्राला फोन लावून पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे आपल्यालाच किती वेळ ताटकळावं लागतं. ते आपण होऊन फोन करणार नाहीत.

पण त्याला माझं नाव, ईमेल, अगदी लॅपटॉपची कंपनीसुद्धा माहीत होती.

ही माहिती आता गुपित राहिलेली नाही. दुकानं, ॲप, संकेतस्थळं यांच्याकडून ग्राहकांच्या याद्या चोरीला जातात, विकल्या जातात, हातोहात फिरतात. नाव, नंबर, पत्ता आणि काय विकत घेतलं एवढं त्यात सहज असतं. यादीत नसलेलं बरंचसं तो बोलता बोलता तुमच्याकडूनच काढून घेतो. ‘तुम्ही विंडोजच वापरता ना?’ याला तुम्ही ‘हो’ म्हणालात की पुढच्या वाक्यात तो तेच तुम्हाला स्वतःच्या माहितीसारखं ऐकवतो.

त्याला तुमच्याबद्दल काय माहीत आहे यावरून तो कोण आहे हे कळत नाही. तो आपल्या भाषेत, अदबीने, शांतपणे बोलतो यावरूनही नाही. त्याचं ते रोजचं काम आहे, आणि त्यात तो तरबेज असतो.

फोनच्या स्क्रीनवर कंपनीचंच नाव दिसत होतं.

दिसू शकतं. फोन करणाऱ्याचा जो नंबर आपल्याला दिसतो तो बनावट दाखवता येतो, त्यासाठी तयार साधनं मिळतात. नंबर ओळखून नाव दाखवणारी काही ॲप लोकांनीच भरलेल्या माहितीवर चालतात, त्यामुळे तिथेही कुणी हवं ते नाव चढवू शकतं. ‘माझा नंबर इंटरनेटवर तपासून बघा’ असं तो आग्रहाने म्हणत असेल तर त्यालाही भुलू नका. खऱ्या कंपनीचा खरा नंबर तुमच्या स्क्रीनवर उमटवूनच त्याने फोन लावलेला असू शकतो.

शंका असेल तर फोन ठेवा आणि बिलावर, कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये दिलेल्या नंबरावर तुम्ही फोन लावा. जुना लँडलाइन असेल तर दुसऱ्या फोनवरून लावा, कारण काही जुन्या यंत्रणांमध्ये आपण रिसीव्हर ठेवला तरी समोरच्याने न ठेवल्यास लाइन काही काळ चालू राहायची, आणि भामट्यांनी याचाही फायदा घेतला आहे.

त्याने माझ्याच कॉम्प्युटरवर शेकडो एरर दाखवल्या. त्या खोट्या कशा असतील?

त्या खऱ्याच असतात, फक्त त्यांचा अर्थ तो खोटा सांगतो. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. कॉम्प्युटर दिवसभर जे जे करतो त्याची नोंद तिथे होते. एखादी सेवा (पडद्यामागे चालणारा छोटा प्रोग्रॅम) दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, वायफाय क्षणभर तुटलं, असल्या गोष्टी तिथे लाल आणि पिवळ्या खुणांसह दिसतात. कालच विकत घेतलेल्या कॉम्प्युटरमध्येही त्या असतात. कधीही न उघडलेली ती खिडकी पहिल्यांदाच भामट्याच्या सांगण्यावरून उघडली, आणि तिच्यात शेकडो लाल खुणा दिसल्या, की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो.

दुसरी युक्ती क्रमांकाची. तो तुम्हाला कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘असॉक’ (assoc) ही आज्ञा टाइप करायला लावतो. लांबलचक यादी सरकत जाते आणि तिच्या शेवटाकडे ८८८ने सुरू होणारा एक मोठा क्रमांक दिसतो. भामटा तो क्रमांक अक्षर न अक्षर आधीच वाचून दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा, हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास क्रमांक, आमच्याकडे नोंद आहे म्हणूनच मला ठाऊक आहे.’ खरं तर तो क्रमांक विंडोजच्या एका छोट्याशा सोयीचा आहे आणि विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तोच असतो. माझ्याकडे आलेल्यांना मी माझ्या मशीनवर तीच आज्ञा चालवून दाखवतो. दोन्ही क्रमांक सारखे दिसले की त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग येतो, मग हायसं वाटतं.

तिसरी ‘नेटस्टॅट’ची. ही आज्ञा कॉम्प्युटर कुठल्या कुठल्या सर्व्हरशी जोडलेला आहे ते दाखवते, आणि त्यातल्या एका रकान्याचं नावच ‘फॉरेन ॲड्रेस’ असं आहे. इथे ‘फॉरेन’ म्हणजे फक्त ‘पलीकडचा’. भामटा मात्र सांगतो की परदेशातले चोर आत शिरले आहेत. तुम्ही ब्राउझर उघडा ठेवला असेल तर ही यादी भरलेली असणारच.

चौथी ‘ट्री’ची. ही आज्ञा फोल्डरांची नावं भराभर दाखवत जाते, दिसायला तपासणी चालू असल्यासारखं वाटतं. ती चालू असताना ताबा घेतलेला भामटा स्वतःच ‘व्हायरस सापडला’ असं टाइप करून ठेवतो, आणि यादी संपली की ते शब्द कॉम्प्युटरनेच लिहिल्यासारखे खाली उमटतात. याच माळेतली आणखी एक म्हणजे सेवांच्या यादीतला ‘स्टॉप्ड’ हा शब्द दाखवून ‘तुमचं संरक्षण बंद पडलंय’ असं सांगणं. गरज नसलेल्या सेवा बंद असणं हे विंडोजचं नेहमीचंच आहे.

फोन आला नाही, पण स्क्रीनभर इशारा आला, भोंगा वाजू लागला आणि खाली एक नंबर होता.

हा त्याच धंद्याचा दुसरा दरवाजा. तुम्हीच फोन लावावा यासाठी केलेली ही सोय असते. तो इशारा म्हणजे एक वेब पान असतं, जे पूर्ण स्क्रीन व्यापून बसतं आणि बंद करू देत नाही. कॉम्प्युटरला त्याने हातही लावलेला नसतो.

खूण एकच लक्षात ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीनेच स्पष्ट केलं आहे. खाली नंबर दिसला की इशारा खोटा.

घालवायचा असा. एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटते. मग खिडकी बंद करा. नाही जमलं तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. तेही जमेना तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. न जतन केलेलं काही काम उघडं असेल तर तेवढंच जाईल. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का?’ असं विचारलं तर नको म्हणा. पानावरच्या ‘रद्द’ किंवा ‘बंद करा’ अशा बटणांना हात लावू नका, ती बटणंही त्यांनीच काढलेली असतात.

असे इशारे रोज कोपऱ्यातून डोकावत असतील, तर कुठल्यातरी संकेतस्थळाला तुम्ही नकळत सूचना पाठवायची परवानगी दिली आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जा आणि अनोळखी नावं काढून टाका.

मी स्वतःच इंटरनेटवर नंबर शोधून फोन केला होता. तरी फसलो. हे कसं?

शोधाच्या निकालात सगळ्यात वर दिसतात त्या बऱ्याचदा जाहिराती असतात, आणि पैसे भरून तिथे कोणीही बसू शकतं. नकाशावरच्या नोंदी, प्रश्नोत्तरांची पानं, समाजमाध्यमांवरची ‘कस्टमर केअर’ नावाची खाती यांतही बनावट नंबर पेरलेले असतात. प्रिंटर किंवा ईमेल बंद पडल्यावर घाईत नंबर शोधणारी माणसं अशीच त्यांच्या हाती लागतात. यात तुमचा मूर्खपणा नाही. तुम्ही योग्य तेच करायला गेलात, सापळा वाटेतच लावलेला होता.

कंपनीचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि तिथल्या मदत विभागातून पुढे जा. वस्तूच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात नंबर असेल तर त्याहून बरं.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप वाईट आहेत का?

नाहीत. मी स्वतः रोज वापरतो. दूरच्या माणसाचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला ती फार कामाची आहेत, आणि म्हणूनच भामट्यांनाही ती आवडतात. ती व्हायरस नाहीत, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना बहुतेक वेळा अडवत नाही. विंडोजमध्ये तर क्विक असिस्ट नावाचं असंच साधन आधीपासूनच दिलेलं असतं.

ॲपने दिलेला आकडा किंवा कोड तुम्ही ज्याला सांगता त्याच्या हातात तुमचा माउस आणि कीबोर्ड जातो. उघडलेलं ईमेल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, फोटो, सगळं. घराची किल्ली जशी आपण ओळखीच्या माणसाला देतो तसाच हा कोड. अनोळखी माणसाने फोनवर मागितला तर उत्तर ‘नाही’ एवढंच.

ऑफिसमधल्या आयटी विभागाचा फोन आला तर? तिथे तर खरंच फोन येतात.

येतात, आणि भामट्यांना हे माहीत आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका टोळीची पद्धत उघड केली. ती आधी एखाद्या कर्मचाऱ्याचा ईमेल पत्ता शेकडो ठिकाणी नोंदवून त्याच्या इनबॉक्समध्ये नको त्या मेलचा पूर आणायची. माणूस हैराण झाला की मग फोन: ‘आयटीमधून बोलतोय, तुमच्या मेलचा त्रास दूर करतो, क्विक असिस्ट उघडा.’ अडचण खरी, वेळ अचूक, फोन खोटा. पुढे त्या कंपनीच्या यंत्रणेत खंडणी मागणारे प्रोग्रॅम सोडले जायचे.

उपाय साधा आहे. ‘दोन मिनिटांत मीच फोन करतो’ म्हणा आणि ऑफिसच्या यादीतल्या अंतर्गत नंबरावर लावा. आयटीमधला कोणताही शहाणा माणूस याचा राग धरणार नाही.

तो इतका चांगला बोलत होता. तोंडावर फोन ठेवणं बरं दिसत नाही.

हे मला खूप जणांनी सांगितलं आहे, विशेषतः ज्यांचं आयुष्य लोकांशी सभ्यपणे वागण्यात गेलं त्यांनी. एका निवृत्त शिक्षिकेने मला सांगितलं, ‘पाचव्या मिनिटालाच मला शंका आली होती, पण बिचारा इतकं समजावून सांगत होता, मध्येच कसं तोडायचं?’ त्या पुढे सव्वा तास फोनवर होत्या.

त्याचं सगळं कसब तुम्हाला फोनवर धरून ठेवण्यात आहे. फोन चालू आहे तोवर तुम्ही कुणाला विचारू शकत नाही, थांबून विचार करू शकत नाही. म्हणूनच तो ‘फोन ठेवू नका, नाहीतर सगळा डेटा जाईल’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो. खरा माणूस असेल तर तुम्ही फोन ठेवल्याने कुणाचंच काही बिघडत नाही, नंतर बोलता येतं. कारण सांगायची गरज नाही, ‘नको’ म्हणायचीही नाही. बोलणं अर्ध्यावर तोडा.

त्याची मजा घ्यावी का? वेळ वाया घालवून धडा शिकवावा असं वाटतं.

राग समजतो, पण करू नका. तुम्ही फोन उचलणारे, बोलणारे आहात एवढी नोंद त्याच्या यादीत झाली तरी फोन वाढतात. त्याच्याकडे तुमचा नंबर असतो, कदाचित पत्ताही. चिडून धमक्या देणारे, शिवीगाळ करत पुन्हा पुन्हा फोन लावणारेही असतात.

‘आम्ही तुमचे पैसे परत देतो’ असं म्हणाला. त्यात काय धोका?

हा प्रकार मला सगळ्यात निर्दय वाटतो. भामटा म्हणतो, तुमची जुनी सेवा बंद होते आहे, थोडे पैसे परत करायचे आहेत. तुमच्या मशीनचा ताबा घेऊन तो तुम्हाला बँकेच्या पानावर लॉगिन करायला लावतो. मग काही क्षण स्क्रीन काळी करतो आणि ब्राउझरमध्ये दिसणारे आकडे बदलतो. कुठलंही वेब पान आपल्या स्क्रीनवर तात्पुरतं असं बदलता येतं, बँकेच्या खऱ्या नोंदीला त्याने धक्काही लागत नाही. कधी तो तुमच्याच बचत खात्यातले पैसे तुमच्याच चालू खात्यात टाकतो, म्हणजे रक्कम खरोखर वाढलेली दिसते.

मग एकदम रडका सूर. ‘अहो, एक शून्य जास्त पडलं! माझी नोकरी जाईल! जास्तीचे परत पाठवा.’ आणि प्रामाणिक माणूस दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहू नयेत म्हणून स्वतःचेच पैसे पाठवतो. गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यावरचे आकडे फोनवर वाचून दाखवायला सांगणं हेही इथलंच. कोणतीही खरी कंपनी फोन करून गिफ्ट कार्डात किंवा क्रिप्टो चलनात पैसे मागत नाही. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीच द्यावा लागत नाही.

मोबाइलवरही हे होतं का?

होतं, आणि नुकसान पटकन होतं, कारण बँक आणि ओटीपी दोन्ही त्याच फोनवर. स्क्रीन दाखवणारं ॲप चालू असेल तर येणारा ओटीपी त्यालाही दिसतो. अँड्रॉइडवर तो लिंक पाठवून ॲप घ्यायला सांगतो आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी द्यायला लावतो. ही परवानगी अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी आहे, पण ती मिळालेलं ॲप स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. ॲप स्टोअरच्या बाहेरून, फोनवर कुणी सांगितलं म्हणून, काहीही घेऊ नका.

आणखी एक. ‘नेटवर्क सुधारण्यासाठी’ चांदणी आणि आकडे असलेला एखादा कोड डायल करायला सांगितला तर करू नका. त्याने तुमचे येणारे फोन त्याच्या नंबरावर वळू शकतात. शंका असेल तर *#२१# डायल करून पाहा, आणि ##००२# ने बहुतेक नेटवर्कवर सगळी कॉल फॉरवर्डिंग रद्द होतात.

तो आत्ता माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. काय करू?

इंटरनेट तोडा. वायफाय बंद करायला माउस शोधत बसू नका, तो त्याच्याही हातात आहे. राउटरचा प्लग काढा, केबल असेल तर ओढा, नाहीतर लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरा. मोबाइल असेल तर एअरप्लेन मोड, आणि तोही लागत नसेल तर फोन बंद. मग कॉल कट करा. तो धमकावेल, करू दे.

आता दुसऱ्या उपकरणावरून, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, बँकेला फोन लावा. पैसे गेले असोत वा नसोत. खातं आणि कार्ड थांबवायला सांगा. बँकेचं झालं की ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या पासवर्डांची वाट ईमेलमधून जाते. तिथेच ‘सगळीकडून लॉगआउट’ हा पर्याय वापरा, आणि खातं परत मिळवायला दिलेला नंबर तुमचाच आहे ना, मेल परस्पर दुसरीकडे वळवण्याचा नियम कुणी टाकला नाही ना, हे बघा. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि महिन्याभराने पुन्हा अडकतात. बाकीचे पासवर्ड त्यानंतर, शांतपणे.

नंतर कॉम्प्युटर फॉरमॅट करावा का?

त्याने फक्त पाहिलं आणि तुम्ही दोन मिनिटांत तोडलं असेल, तर रिमोट ॲप (दूरून ताबा देणारं ॲप) काढून टाकणं, त्या दिवशी आलेली बाकी ॲप आणि ब्राउझरची एक्स्टेंशन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तपासणं, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी करणं बहुधा पुरतं. पण त्याने काळी स्क्रीन केली असेल, फाइल टाकल्या असतील किंवा तो बराच वेळ आत असेल, तर मी स्वतः फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढून विंडोज नव्याने टाकतो. ही रिमोट ॲप मालकाच्या परवानगीशिवाय पुन्हा शिरता येईल अशीही लावून ठेवता येतात, त्यामुळे अर्धवट सफाईवर माझा भरवसा नाही.

तोवर त्या मशीनवर बँकेचं पान उघडू नका.

पैसे परत मिळतात का?

कशाने दिले त्यावर आहे. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. खात्यातून पाठवले असतील तर वेळ फार महत्त्वाचा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच आशा. गिफ्ट कार्ड असेल तर कार्ड आणि पावती फेकू नका, कार्ड देणाऱ्या कंपनीला लगेच कळवा, रक्कम वापरली गेली नसेल तर ती गोठवता येऊ शकते. क्रिप्टो चलनातून परत मिळणं फार कठीण.

तक्रार मात्र प्रत्येक वेळी करा, पैसे गेले नसतील तरी. पोलिसांचा सायबर विभाग किंवा सरकारी हेल्पलाइन कुठली, तिचा नंबर काय, हे आजच, डोकं शांत असताना, शोधून कागदावर लिहून ठेवा. फोन कधी आला, कुठल्या नंबरावरून, कोणतं ॲप, किती रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, हे सगळं आठवतं आहे तोवर टिपून घ्या. कॉल नोंद आणि संदेश पुसू नका.

यात म्हातारी माणसंच फसतात ना?

नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये १६ देशांत केलेल्या पाहणीत पाचपैकी तीन जणांना आधीच्या वर्षभरात असा काहीतरी अनुभव आला होता, आणि पैसे गमावण्यात तरुण मागे नव्हते. मोठ्या रकमा मात्र बऱ्याचदा वयस्कांच्या जातात, कारण आयुष्याची बचत त्यांच्या खात्यात असते. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात नोंदलेलं या प्रकारातलं नुकसान ९२ कोटी डॉलरच्या वर होतं. तेही फक्त तक्रार केलेल्यांचं. लाजेपोटी गप्प राहिलेले त्यात नाहीत.

आईवडिलांना कसं सांगू? सांगितलं की ‘मी काय लहान आहे का?’ म्हणतात.

त्यांना युक्त्यांची यादी ऐकवू नका, लक्षात राहत नाही. एकच ठरवा: कॉम्प्युटर, मोबाइल किंवा बँकेबद्दल कुणाचाही फोन आला तर आधी ठेवायचा आणि मग तुम्हाला लावायचा, कितीही वाजले असोत. आणि तुम्ही तो फोन वैतागून घ्यायचा नाही. ‘ऑफिसात आहे, नंतर बोलू’ असं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा ते तुम्हाला लावत नाहीत, समोरच्या गोड आवाजालाच विचारतात.

फसले असतील तर पहिल्या दिवशी ‘इतकं कसं कळलं नाही?’ हे वाक्य तोंडातून काढू नका. माझ्याकडे एक गृहस्थ तीन आठवड्यांनी आले. मुलाला कळू नये म्हणून ते गप्प राहिले होते, आणि त्या तीन आठवड्यांत त्यांच्या खात्यातून आणखी दोनदा पैसे गेले होते.

एकदा फसल्यावर पुन्हा फोन येतात. आता म्हणतात, गेलेले पैसे मिळवून देतो.

येणारच. ज्याने एकदा पैसे दिले त्याचा नंबर या बाजारात जास्त किमतीचा होतो. आता बोलणारा वकील असेल, पोलीस असेल, ‘वसुली विभाग’ असेल. तुमची किती रक्कम गेली, कोणत्या दिवशी, हे तो बरोबर सांगेल, कारण ते त्याला त्याच टोळीकडून कळलेलं असतं. मग थोडंसं शुल्क आधी भरायला सांगेल. तुमची खरी तक्रार जिथे नोंदवली आहे तिथला तक्रार क्रमांक जवळ ठेवा आणि चौकशी करायची तर त्या कार्यालयात तुम्हीच फोन लावा. या माणसाचा फोनही अर्ध्यावरच ठेवायचा.